घरचा धंदा

गिऱ्हाईक आधी विचारतं, किती दिवसांत देणार. मग विचारतं, किती घेणार. आप्पांनी आकडा सांगितला की जरा गप्प बसतं, शेडमधून नजर फिरवतं आणि तिसरं विचारतं, "तुम्ही सुतार का?"

आप्पा म्हणतात, "न्हाई. पॉलिशवाले."

"ते झालं हो. पण मूळचे?"

मूळचे! ह्या शब्दावर कुठल्या नंबरचा काचकागद चालतो ते अजून आम्हाला सापडलं नाही. आप्पा काही बोलत नाहीत. शेडच्या आतल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तिकडं गिऱ्हाइकाची नजर आपोआप जाते. मग एखादा म्हणतो, "खुर्ची नंतर आणून टाकतो." ती खुर्ची परत येत नाही. पण बहुतेकजण ठेवून जातात, कारण चपडीचं पॉलिश हातानं करणारा आमच्या भागात दुसरा कुणी उरला नाही. बाकी सगळे फवाऱ्यावर गेले.

आमच्याकडून माल नेणारा मुंबईचा एक व्यापारी आहे. तो त्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगताना मी कानांनी ऐकलंय, "खानदानी कारीगर हैं, तीन पीढ़ी से." तीन पिढ्या खऱ्या. आजा, आप्पा, आणि रात्रपाळी सुटली की मी. पण खानदानी म्हणलं की मला हसू येतं आणि मग डोकंबी उठतं. दोस्तहो, आमचा खानदानी धंदा कुठला ते तुम्हाला सांगायला नको. गावची मेलेली ढोरं ओढायची, सांगावे घेऊन उन्हातान्हात पळायचं, चावडीच्या बाहेर उभं राहायचं, आणि बदल्यात शिळी भाकर आणि तुकडाभर वतन. ह्या वतनाच्या बेडीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. कायदा व्हायला १९५८ उजाडलं, तोवर बाबासाहेब जाऊन दोन वर्षं होत आली होती. माणगाव आमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. १९२० च्या मार्चात शाहू महाराज आणि बाबासाहेब तिथं एका मांडवात बसले. त्या मांडवाची गोष्ट आमच्या घरात पणज्यापासून चालत आली आहे. त्या गोष्टीचा आमच्या घरानं काढलेला अर्थ एकच होता, घरचा धंदा सोडा.

तर आमच्या घरानं एक घरचा धंदा सोडला आणि दुसरा उभा केला. दुसरा कसा उभा राहिला ते लिहिण्यासारखं आहे.

आजा मुंबईला गिरणीत होता. रिंगखात्यात. रिंगखात्यातच का? त्याच्या आधीच्या पिढ्यांना साचेखात्यात घेत नसत म्हणून. साच्यावर धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आमच्या तोंडाचा धोटा मग दुसऱ्यानं कसा तोंडाला लावायचा? जास्ती पगार साचेखात्यात, म्हणजे पगार थुंकीवर ठरायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. आजा गिरणीत लागला तोवर काळ बदलत आला होता, तरी बाप रिंगखात्यात तर पोरगा रिंगखात्यात, ही वाट तशीच होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आजा चौतीस वर्षांचा होता. पहिले चार महिने तो म्हणायचा, मिटंल. गावाकडून ज्वारी यायची. मग ज्वारी संपली. संप कधी मिटला असं आजा आजही सांगत नाही, कारण तो कुणी मिटवलाच नाही. लोक पांगले तेवढंच.

त्या दिवसांत आजाला चोरबाजारात मटण स्ट्रीटवर हमालीचं काम मिळालं. पारशांची, इराण्यांची, गोऱ्या साहेबांनी सोडलेली कपाटं, पलंग, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं उचलायची नि ठेवायची. एका गल्लीत एक म्हातारा मुसलमान उस्ताद पॉलिश करत बसायचा. आजा माल ठेवला की तिथं उभा राहून बघायचा. एके दिवशी उस्तादानं न विचारता कापसाची पोटली आजाच्या हातात दिली आणि म्हणाला, घुमा. आजा सांगतो, "जात इचारली न्हाई. हात बघितला. रिंगवर तुटलेला धागा जोडणारा हात हुता, हलका हुता."

एवढ्यावर तीन पिढ्या जेवल्या.

आता कामाबद्दल लिहितो. आपल्या पानांवर कामाबद्दल फार कमी येतं. राग येतो, दुःख येतं, पण हात काय करत होते ते येत नाही.

चपडी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम ह्या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात. त्यांच्या अंगातून पाझरलेला चीक वाळून फांदीवर खपली धरतो. झारखंडात ही लाख सगळ्यात जास्त होते. तिथले आदिवासी ती खरवडतात, मग ती धुऊन, वितळवून, पापडासारखी ताणून तिचे तुकडे होतात. एक लिटर स्पिरिटला पाव किलो चपडी भिजत घालायची, रात्रभर ठेवायची, सकाळी फडक्यातून गाळायची. लोखंडी डब्यात ठेवायची नाही, काळी पडते. काचेची बाटली हवी. भिजवलेली फार दिवस ठेवली तर लावल्यावर वाळतच नाही, चिकट राहते.

जुनी वस्तू आली की आजा आधी कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब टाकतो. पॉलिश मऊ झालं, बोटाला चिकटलं, तर चपडी. नाही झालं तर थिनरचा थेंब. त्यालाही दाद दिली नाही तर कुणीतरी हल्लीचा मेलामाईन नाहीतर पीयू मारलेला असतो. मग आजा शिव्या देतो. चपडीचं मात्र बरं असतं. जी स्पिरिटमध्ये विरघळून चढली, ती स्पिरिटनंच उतरते. चिंधी भिजवायची, पुसायचं, थांबायचं. लाकूड खरवडायला लागत नाही. काही लोक घाईनं कॉस्टिक लावतात. कॉस्टिकनं सागवान काळंठिक्कर पडतं, आणि मग ते पांढरं करण्यात दुप्पट दिवस जातात.

उतरवल्यावर काचकागद, तोही लाकडाच्या रेषेनं, आडवा कधी नाही. मग चाकमाती, पिवळी माती आणि गेरू कालवून लाकडाची भोकं बुजवायची. मग पोटली. आत कापूस, वर जुन्या धुतलेल्या धोतराचं फडकं. नवं फडकं चालत नाही, त्याचे धागे सुटतात. पोटली गोल फिरवायची, मग इंग्रजी आठासारखी, आणि शेवटी सरळ रेषेनं. मधे थांबायचं नाही. थांबला की पोटली चिकटली, आणि चिकटली की खालचे दहा थर उपटून वर आले. पोटली घसरावी म्हणून अळशीच्या तेलाचा एक थेंब, दोन नाही. एका टेबलाला असे कित्येक हात बसतात. आणि हे सगळं कोरड्या हवेत. पावसाळ्यात हवेतलं पाणी पॉलिशमध्ये अडकतं, पांढुरकी साय धरते. म्हणून जून ते सप्टेंबर आमचा धंदा बंद. त्या चार महिन्यांत घर माझ्या सूतगिरणीच्या पगारावर चालतं.

चपडी किड्याच्या अंगातली असते हे मी एकदा एका गिऱ्हाइकाला सांगितलं. ती वस्तू देव्हारा होती. आप्पांनी डोळे वटारले. पण मला राहवलं नाही. देव्हारा परत घेताना घरच्या बाईंनी आमच्यादेखत त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. मला म्हणायचं होतं की बाई, किड्याचं चालतं, आमचं नाही? म्हणालो नाही. पैसे यायचे होते.

१९९० च्या सुमाराला आजा गावाकडं आला. पत्र्याची शेड टाकली. त्या वेळी वाडे पडायला लागले होते. वाटण्या झालेल्या, पोरं पुण्याला, अमेरिकेला. वाड्यातून खांब, तुळया, दारं, हडपे, झोपाळे निघायचे. बर्मा सागवान, शिसव. शिसव कापताना गोड वास येतो. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून लाकडाचे ओंडके बाहेर पाठवायला बंदी केली. म्हणजे आहे ते जुनं बर्मा सागवान आणखी महाग. आमच्या दारात येतं तेव्हा ते 'जुनं' असतं. व्यापाऱ्याकडं गेलं की 'अँटिक' होतं. १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांवरच्या कारागिरीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला मनाई आहे. त्यामुळं परदेशी गिऱ्हाईक मिळालं की तीच वस्तू कागदावर 'नवी' होते, असं एक व्यापारी हसत हसत सांगत होता. वस्तूला जात बदलता येते बघा.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला. पाणी उतरलं तेव्हा आमच्या वस्तीत, जी नदीच्या अंगाला आहे (आमच्या वस्त्या बरोबर तिथंच कशा असतात?), घराघरातली प्लायवूडची कपाटं लापशी झाली होती. आमचंही झालं. पॉलिशवाल्याच्या घरात सागवान नव्हतं. भुश्शाच्या पाट्यांचं, हप्त्यानं घेतलेलं कपाट, हातात धरलं की गळून पडायचं. आत माझ्या वह्या होत्या.

आणि वाड्यांतलं सागवान आठ दिवस पाण्यात बुडून वर आलं, अंगावर चिखल, पॉलिश पांढरंफेक, पण सांधे शाबूत. त्या वर्षी आम्हाला जेवढं काम मिळालं तेवढं कधीच मिळालं नव्हतं. आजानं सगळ्यांना एकच सांगितलं, उन्हात ठेवू नका. उन्हात भिजलेलं लाकूड वरून वाळतं, आतून ओलं राहतं, आणि फाटतं. सावलीत, विटांवर उचलून, वारा खेळू देत दोन-तीन महिने. आमची शेड वाड्यांच्या सामानानं गच्च भरली. आणि आम्ही बाहेर ताडपत्रीत.

त्यातच ते मेज आलं. बैठं मेज, गादीवर मांडी घालून पुढ्यात ओढून घ्यायचं. झाकण उतरतं, आत चोपड्या ठेवायला कप्पे. ज्या वाड्यातून आलं त्याचं नाव लिहीत नाही. आसपासच्या सात-आठ गावांत त्या घराची सावकारी होती. वारस पुण्याला असतो. त्यानं सांगितलं, "आजोबांचं आहे. डाग तेवढे सगळे काढा. मला फ्लॅटमध्ये ठेवायचंय."

चिखल धुतल्यावर डाग दिसले. वर शाईचे शिंतोडे होते. पण समोरच्या पट्टीच्या खालच्या कडेला, जिथं मालकाची नजर पोचत नाही, तिथं काळे डागच डाग. एकावर एक. बोटाएवढे. मला काही कळेना. आजानं हात फिरवला आणि म्हणाला, "अंगठं हायेत हे. कागदावर दाबायचा, आन उरल्याली शाई हळूच हितं फुसायची. धोतर खराब व्हाया नगं."

माझ्या पोटात कालवलं. किती माणसं! मी विचारलं, "आजा, ह्यात आपल्या पणज्याचा आसंल?"

आजानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "खुळा हायेस. आपल्याला कोण ह्या मेजापातूर येऊ दील? आपला कागद पायरीखाली टाकायचे. तितं दगूड हुता. दगडावर ठेवून अंगठा. शाई मातीला फुसायची."

म्हणजे हे अंगठे कुणब्यांचे, माळ्यांचे, धनगरांचे. ज्यांच्या विहिरीवर आमची आजी गेली नाही त्यांचे. ते ह्या मेजावर लुटले गेले, आणि आम्ही पायरीखाली लुटले गेलो. लुटण्यातसुद्धा पंगत वेगळी. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जाचे कागद काढून जाळले, हे मी वाचलेलं आहे. मी वाचलं त्यात कागदांबद्दल येतं, मेजांबद्दल येत नाही.

मी म्हणलं, डाग काढायचे नाहीत. हा पुरावा आहे. नातवाच्या फ्लॅटमध्ये जाऊ दे तसाच, त्याच्या पाहुण्यांनी बघू दे. आप्पा म्हणाले, "पैसे कोन देनार? पुरावा?" दोघांचं वाजलं. आजा मधे पडला नाही. त्यानं ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे गरम पाण्यात विरघळवले आणि ब्रशनं लावायला बसला.

"म्हंजे तू फुसनार?" मी म्हणलं.

"काम घेतलंय न्हवं," आजा म्हणाला. "आन तुला काय वाटतं, त्यो डाग बघून त्येचा पावना रडंल? त्यो इचारंल, वा, काय लूक हाय, कुटं मिळालं. डागाची किंमत वाडंल लेका."

ह्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. शहरात अशा डागांना खरंच जास्ती पैसे मिळतात. व्यापारी नव्या टेबलाला साखळीनं मारून, शाई सांडून जुनं करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण लाकडानं वेगळंच केलं. जुनी शाई दोन जातीची असायची. एक हिरडा आणि हिराकस यांची. हिराकशीत लोखंड असतं, आणि ऑक्झॅलिक त्या लोखंडाला खातं. ते डाग सकाळपर्यंत फिके होऊन गेले. दुसरी काजळी आणि डिंकाची. काजळीला ॲसिड काही करत नाही. ती रेषांत जाऊन बसते. ती काढायची तर रंधा मारायला पाहिजे, आणि रंधा मारला की शंभर वर्षांत लाकडावर आलेली कांती गेली, मेज नव्या फळीसारखं दिसणार. आजा रंध्याला तयार नाही. उस्तादाची शिकवण, जुन्या अंगाला रंधा नाही. म्हणून निम्मे अंगठे गेले आणि निम्मे राहिले. वारसानं पट्टीखाली हात घालून बघितलं, तोंड वाकडं केलं, पाचशे रुपये कापले. आजानं ते बिनबोलता कापू दिले. मी त्यावर कविता लिहायला बसलो होतो. झाली नाही. म्हणून हे असं लिहितोय.

आजाची एक सवय आहे. काम झालं की वस्तू उलटी करून, जिथं पॉलिश लागत नाही तिथं, शिसपेन्सिलनं सही आणि तारीख. सही तो मुंबईला रात्रीच्या वर्गात शिकला. त्याचा बाप अंगठाबहाद्दर होता. त्या मेजाच्या बुडावरही सही आहे. मालकाला माहीत नाही.

आम्ही एकदा पुण्याला सेनापती बापट रस्त्यावरच्या संग्रहालयात गेलो. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथं आहेत, पलंग, खुर्ची, व्हायोलिन. लोक हात जोडत पुढं सरकत होते. आजा खुर्चीपाशी थांबला आणि वाकून पॉलिश बघायला लागला. ज्या पोरानं साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट नेलं, १९१७ साली बडोद्यात ज्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकायचे, त्याची खुर्ची. आजा बराच वेळ बघून म्हणाला, "हिला कुनी हात लावू ने. मी सुदिक न्हाई." बाहेर येऊन त्यानं चहा घेतला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

२०२३ च्या १७ सप्टेंबरला सरकारनं विश्वकर्मा योजना काढली. अठरा धंदे. पहिलं कर्ज एक लाख, पाच टक्के व्याजानं. वाडवडिलांपासून हातानं, अवजारांनी काम करणाऱ्या घरांसाठी. यादीत सुतार आहे, लोहार आहे, न्हावी आहे, चांभार आहे. पॉलिशवाला नाही. केंद्रावरचा पोरगा ओळखीचा. म्हणाला, "सुतारमध्ये टाकतो, कोण बघतंय?" आप्पा खुर्चीवर बसून विचार करत राहिले. मला वाटलं टाकतील. एका लाखात नवी शेड झाली असती, पंखे, जमिनीवर कोबा. आप्पा म्हणाले, "गिऱ्हाइकाला तीस वर्षं सांगतोय सुतार न्हाई म्हनून. आता सरकारला काय सांगू?" आणि उठले. मी रागावलो होतो त्यांच्यावर. सरकारला खोटं सांगायला काय जातंय? पण सरकार तरी वाडवडिलांचाच धंदा का विचारतं? आपण निवडलेला धंदा का नाही विचारत?

एका आरामखुर्चीला आम्हाला अडीच हजार मिळतात, वेत विणण्याचे वेगळे. तीच खुर्ची मुंबईला अठरा हजारांना लागल्याचं माझ्या बहिणीनं फोनवर दाखवलं. बहीण बी.कॉम.ला आहे. ती म्हणते, मधला माणूस काढून टाकू, आपणच विकू. ती पोटली फिरवायलाही शिकते आहे. आजा म्हणतो, तिचा हात माझ्यापेक्षा हलका. खरं आहे. माझ्या हाताला बॉबिनची घाई लागली आहे. शेडमध्ये बारा वाजेपर्यंत काम करून मी झोपतो, उठलो की गिरणी. नाकात कापूस आणि लाकडाचा भुसा दोन्ही. आप्पांना धाप लागते. डॉक्टर विचारतात, काम काय करता? आप्पा म्हणतात, पॉलिशवाला. तिथं मात्र मूळचे कोण असं कुणी विचारत नाही.

बहिणीच्या हट्टानं शेडला बोर्ड लावायचं ठरलं. तिनं सुचवलं, तीन पिढ्यांची परंपरा. आजा म्हणाला, परंपरा लिहू नको. आप्पा म्हणाले, आडनावबी नको. मी दोन ओळी जुळवून दिल्या होत्या, त्या कुणी ऐकल्यासुद्धा नाहीत. रंगारी ब्रश घेऊन ताटकळला होता, अक्षरामागं पैसे घेणारा. शेवटी आजानं जे सांगितलं तेच लिहिलं: जुन्या लाकडाला हातानं चपडी पॉलिश. वेत विणून मिळेल. पावसाळ्यात काम बंद.